रत्ना म्हणे

माझ्या आईचं नाव रत्नमाला. ही ओळ मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहिते आहे. पुढे जे सांगायचं आहे ते सगळं या नावाचंच आहे, आणि ते नाव खोडायला इतकी सज्जन माणसं पुढे सरसावली होती की निदान माझ्या कागदावर तरी ते पहिलं यावं, एवढा माझा हट्ट आहे. मी रागीट आहे असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. नाव करुणा आणि नाकाच्या शेंड्यावर राग, ही चेष्टा लहानपणापासून ऐकत आले. पूर्वी मी ती हसून सोडून देत असे. ज्या वर्षाची ही हकिगत आहे त्या वर्षापासून हसणं बंद केलं.

आमचं घर घोडेगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पप्पांचा टेम्पो होता आणि तो जनावरं वाहायचा. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराच्या आदल्या दिवशी कुणाच्या म्हशी, कुणाच्या गाई आमच्या अंगणात आणून बांधलेल्या असत. त्यामुळे घरात शांतता अशी कधी नव्हतीच. म्हैस ओरडे, तिच्यावर शेजारचं कुत्रं ओरडे, पप्पा टेम्पोचा फाळका खाली पाडत त्याचा दणका होई, आणि या सगळ्यात आई चुलीपाशी बसून बाजरीच्या भाकरी थापत असे. ते थापणं हाच तिचा ताल. तिची गाणी तिथेच जुळली. एक ओळ जुळली की भाकरी तव्यावर पडायची, आणि दुसरी ओळ सापडेपर्यंत ती करपली तरी आईला पत्ता नसे. पप्पा ती काळी भाकरी उचलून म्हणायचे, "आज नवं पद झाल्यालं दिसतंय." आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुकाट्याने खायचे. थंडीत हुलग्याचे शेंगोळे होत, तेव्हा मात्र आई गात नसे. शेंगोळे वळताना हाताला ताल सापडत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तिला लिहितावाचता येतं, पण पदं तिने कधी लिहून ठेवली नाहीत. लिहायला बसलं की ती रुसतात, असं ती म्हणे.

आम्ही ख्रिस्ती, आणि आमच्या गावच्या चर्चला भजनी मंडळ होतं. ढोलकी आईचा थोरला भाऊ वाजवायचा, याकोबमामा. रविवारी उपासना झाली की सतरंजीवर मंडळ बसे, आणि त्यात आईची पदं असत. आमच्याकडे पदाच्या शेवटच्या कडव्यात ते करणाराचं नाव येतं, जुन्या अभंगांसारखंच. आणि आणखी एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. दुसऱ्या गावच्या मंडळाला एखादं पद आवडलं तर ते ज्याचं असेल त्याच्या घरी येत, समोर बसत, आणि पद 'मागून' घेत. करणारा त्यांना कडवं कडवं शिकवी. शेवटी पाहुण्यांनी ते अख्खं पद एकदा करणाराच्या समोर गाऊन दाखवायचं, शेवटच्या नावासकट. करणारा टाळीने ताल धरून बसे. नाव नीट आलं की म्हणे, "जा घेऊन." झालं. पैसे नाहीत, सही नाही. याकोबमामा पाहुण्यांना दरवेळी बजावत, "चाल हळू घ्या, चढी घ्या, तुमची मर्जी. पर नाव गाळायचं न्हाई." पाथर्डीच्या पलीकडून माणसं जीपने येऊन आईकडून पदं घेऊन गेलेली मी पाहिली आहेत. परकरात होते तेव्हा मला वाटायचं, सगळ्या जगात असंच चालत असणार.

आईचं सगळ्यात गाजलेलं पद पाहुण्याचं. दाराशी एक थकलेला माणूस उभा आहे, बाईच्या घरात मीठ-भाकरीशिवाय काही नाही, आणि तो देव आहे हे तिला हळूहळू उमगतं. त्याची सुरुवात अशी:

उंबऱ्याशी उभा पाहुणा,
त्याच्या पायाला गं माती,
घरी मीठ नि भाकर,
कशी वाढू याच्या हाती.

आणि शेवट असा:

रत्ना म्हणे, बैस देवा,
नको उंबऱ्यात राहू,
अर्धी तुला, अर्धी मला,
एका ताटलीत खाऊ.

मी नगरला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा हातात मोबाईल आला. एसटीने ये-जा करायची, आणि वर्गातली पोरं प्रकल्प कसा करतात ते तोंड उघडं टाकून बघायचं. नेटवर शोधायचं, उचलायचं, छापायचं, स्पायरल बांधायचं. एका महाभागाच्या प्रकल्पात 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' हेसुद्धा छापून आलं होतं. आमच्या मॅडमनी तो सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, "नेटवर आहे म्हणजे रस्त्यावर पडलेलं नाही. घ्यायचं असेल तर कुणाचं ते लिहा, आणि तो नको म्हणाला तर घेऊ नका." वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला त्यात नवीन काही वाटलं नाही. याकोबमामा वेगळं काय सांगत होते? त्या वर्षीच्या सुट्टीत मी आईचं पाहुण्याचं पद मोबाईलवर घेतलं. चुलीपाशी, भाकरी थापताना, मागे एक म्हैस अधूनमधून हंबरते आहे. ते व्हिडिओच्या साइटवर टाकलं आणि खाली व्यवस्थित लिहिलं, गीत आणि चाल रत्नमाला, पुढे गावाचं नाव. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "म्हशीचंबी नाव लिही की, लई सूर धरलाय तिनं." आमच्या नातेवाइकांनी पाहिलं, दोन-चार मंडळांनी पाहिलं, आणि आम्ही ते विसरून गेलो.

नाताळाच्या आधी नगरला भजनस्पर्धा असायची. त्या वर्षी आमच्या बायकांचं मंडळ पहिल्यांदाच उतरलं. पप्पांनी टेम्पो धुऊन घेतला, त्यात पेंढा आणि वर सतरंजी घातली, तरी शेणाचा वास काही गेला नव्हता आणि बायका पदर नाकाला लावून हसत होत्या. आई मोरपंखी साडीत होती. सभागृहात पंखे, खुर्च्या, मोठा पडदा, आणि पुढच्या रांगेत परीक्षक. मंडळाचा सूर छान लागला. याकोबमामांची ढोलकी त्या दिवशी काही वेगळीच बोलत होती. पण दुसऱ्या कडव्यापासून सभागृहात कुजबुज सुरू झाली, आणि आई "रत्ना म्हणे" म्हणाली तेव्हा मागची पोरं चक्क हसली. मला वाटलं शेणाच्या वासाला हसतात. मग परीक्षकांनी माईक हातात घेतला. ते गृहस्थ आवाज न चढवता बोलले, अगदी समजुतीने, आणि तेच मला आजवर सहन झालेलं नाही. ते म्हणाले, "गायन चांगलं आहे. पण हे गाणं सध्या प्रत्येकाच्या मोबाईलवर वाजतं आहे, आणि ते कोणाचं आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घालणं ही चोरी असते, ताई. देवाच्या घरच्या गाण्यात तर असं करूच नये. या मंडळाचा विचार करता येणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांच्या प्रामाणिकपणाला टाळ्या. आई म्हणाली, "माझंच हाय ते." पण तिच्यासमोरचा माईक तोवर बंद केला होता, आणि ते फक्त आम्ही शेजारच्यांनी ऐकलं.

बाहेर टेम्पोपाशी मी मोबाईलवर ते शोधलं. शोधायला फार लागलं नाही, पहिलंच आलं. एक गायक, नगरचाच. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला नावाची एवढी हौस आहे, ती मी कशाला पुरवू? स्टुडिओत की-बोर्ड, बासरी, मागे डोंगरावरचा सूर्य, आणि आईचं पद शब्द न् शब्द. चाल तीच. फक्त शेवटच्या कडव्यात 'रत्ना'च्या जागी त्याचं नाव, आणि खाली गीत, संगीत, स्वर असं तिन्हीकडे पुन्हा तोच. ज्याने जन्मात कधी तव्यावर भाकरी टाकली नसेल तो अर्धी तुला अर्धी मला म्हणत डोळे मिटून डोलत होता. लाखो लोकांनी ते पाहिलेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाली, "आवाज गोड हाय." मी तिच्यावर इतकी खेकसले की पप्पांनी गाडी सुरू करता करता थांबवली. परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी गायलं नाही. बायका डबे उघडून शिळ्या करंज्या खात होत्या आणि एकमेकींकडे न बघता म्हणत होत्या, जाऊ द्या, जाऊ द्या. ते 'जाऊ द्या' मला त्या टाळ्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेर जिथे रेंज यायची तिथे उभी राहून मी त्याला फोन लावला. नंबर व्हिडिओखालीच होता, कार्यक्रमासाठी संपर्क म्हणून. मी कोण ते सांगितलं. तो जराही गडबडला नाही.

"हां हां, म्हशीचा आवाज आहे तोच ना तो व्हिडिओ? फार सुंदर गाणं आहे, ताई. मला तर रडू आलं."

"ते माझ्या आईचं आहे. खाली लिहिलं होतं. तुम्ही विचारलं का नाही?"

"ताई, नेटवर होतं. नेटवर आलं की ते सगळ्यांचं. आणि हे देवाचं गाणं. देवाच्या गाण्याला मालक असतो का?"

"मग तुमचं नाव कशाला घातलं त्यात?"

तो म्हणाला, "लोकांना ओळखीचं नाव लागतं. तुमचा व्हिडिओ किती जणांनी पाहिला होता? आम्ही गाणं घराघरात नेलं. तुम्ही खरं तर आनंद मानला पाहिजे." आणि फोन ठेवताना "प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो" म्हणाला.

हे वाक्य आजही कुणी माझ्याशी बोलताना वापरलं की मी आधी त्या माणसाचा हेतू तपासते. चांगल्या शब्दांची अशी वाट लावणारी माणसं असतात, आणि त्यांना ते शब्द पुन्हा वापरायला कुणी मनाई करत नाही.

मी त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं की हे पद रत्नमाला यांचं आहे, मूळ इथे पाहा. ते काढून टाकलं गेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. आणि मग एका सकाळी साइटकडून मला कळवण्यात आलं की आमचा व्हिडिओ काढला आहे, कारण त्यात दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वापरलं आहे, आणि पुन्हा असं केल्यास आमचं खातं बंद होईल. मी ते चार वेळा वाचलं. त्याने आपलं गाणं तिथे नोंदवून ठेवलं होतं, आणि मशीनने दोन्ही चाली जुळवून आईला चोर ठरवलं होतं. चुलीपुढे बसलेली माझी आई, तिची भाकरी, ती म्हैस, सगळं गायब. पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपली म्हस घोडेगावच्या बाजारातून कुनी सोडून न्हेली, तर दहा मान्सं ववळखून सांगत्याल कुनाची ती. हितं कोन सांगनार?" गाणं रचलं की ते त्याच क्षणापासून रचणाराचं असतं, त्यासाठी कुठे नाव नोंदवावं लागत नाही, असा कायदा आहे, हे मला मॅडमकडून कळलं. त्यांच्याच मदतीने, शब्दकोश घेऊन, मी इंग्रजीत तक्रार केली. आमचा व्हिडिओ आधीचा आहे एवढाच माझा पुरावा होता, पण तो पक्का होता. साइटने त्याचं गाणं खाली उतरवलं.

तेव्हा मात्र स्वारी आमच्या दारात आली. पांढरा शुभ्र शर्ट, गाडी, आणि सोबत आमचे पाळकसाहेब. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. भांडण त्यांना सोसत नसे, आणि ते मिटावं म्हणून ते कुणाचंही ऐकत. गायकाच्या हातात शाल आणि नारळ होता. पप्पा दावं गुंडाळत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शाल कशापायी? थंडी तर सरली." आईने त्यांना आत बसवलं आणि चहा ठेवला. माझं डोकं भणाणलं. मी कानात सांगितलं, चहा द्यायचा नाही. ती म्हणाली, "घरी आल्याला मानूस हाय."

पाळकसाहेबांनी सुरुवात केली. "करुणा, आपण क्षमा करणारी माणसं. यांच्याकडून चूक झाली असेल. पण तक्रारीमुळे यांचे पुढचे कार्यक्रम अडले आहेत. तू ती मागे घे."

"चूक झाली असं त्यांनी म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "म्हणू दे आधी."

गायक हसला. "ताई, मी तोडगा घेऊनच आलो आहे. माझं नाव मी काढतो. वादच नको. गीताच्या पुढे 'पारंपरिक' असं लिहितो. म्हणजे तुमचंही नाही, माझंही नाही. सगळ्यांचं."

पाळकसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला, मी पाहिलं. आई चहाचे कप ठेवत होती. तिने विचारलं, "पारंपरिक म्हंजे?"

"म्हणजे जुनं," पाळकसाहेब म्हणाले. "पूर्वापार चालत आलेलं. कोणी केलं ते आता ठाऊक नाही, असं."

"ठाऊक न्हाई कसं? मी केलंय." आई खाली बसली. "आन् मी जित्ती हाय. हितं बसलीय तुमच्याम्होरं."

मग ती गायकाकडे वळली. आवाजात राग नव्हता. मी इतके दिवस तिच्यात जो राग शोधत होते तो मला तेव्हाही दिसला नाही. ती म्हणाली, "तुमाला पद पायजे ना? मग मागून घ्या, दादा. आमच्यात सगळे घेत्यात तसं. म्हना एकदा माझ्याम्होरं, शेवटपस्तोर. नाव आलं की घेऊन जा. करुणा तक्रार मागं घील, मी सांगते तिला." आणि तिने टाळीने ताल धरला.

तो गायला. आवाज त्याचा खरोखर चांगला होता, हे लिहिताना माझी बोटं आखडतात, पण होता. दारातले पप्पासुद्धा दावं खाली ठेवून ऐकू लागले. शेवटच्या कडव्याला तो आला, डोळे मिटले, आणि त्याच्या तोंडून त्याचं स्वतःचंच नाव आलं. आईची टाळी थांबली. तो चपापला. "सवय झाली, मावशी," म्हणाला. आई म्हणाली, "परत घ्या." त्याने ते कडवं परत घेतलं, आणि या वेळी नावाच्या जागी नुसता गुणगुणला, "हूं म्हणे, बैस देवा." दोन अक्षरं. दोन अक्षरांनी त्याचं काय जाणार होतं? पाळकसाहेब खाली बघत होते. आई म्हणाली, "न्हाई आलं." तिने कप उचलले, त्याचा अर्धा चहा तसाच होता तरी उचलला, आणि आत जाता जाता म्हणाली, "शाल न्या तुमची."

मी तक्रार मागे घेतली नाही. त्याने साइटला लिहून कळवलं की हे लोकगीत आहे, कुणा एकाचं नाही, आणि पाळकसाहेबांचं नाव साक्षीला दिलं. साइटने मला सांगितलं, आता तुम्ही कोर्टात जा, नाहीतर ठरावीक मुदतीनंतर गाणं परत लावू. पप्पा माझ्याबरोबर नगरच्या कोर्टात आले, एका वकिलांना भेटलो, आणि पैसा किती आणि वर्षं किती लागतील ते त्यांच्याकडून ऐकून बाहेरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. मुदत संपली. गाणं परत लागलं, गीताच्या पुढे 'पारंपरिक' असं लिहून. परीक्षक, पाळकसाहेब, साइट, तो, सगळे आपापल्या जागी सुखाने राहिले. आमचा व्हिडिओ कधीच परत आला नाही. मला लोक सांगतात की एवढ्या वर्षांनी राग धरू नये. मी धरलेला नाही, तो माझ्याकडेच राहायला आहे आणि मी त्याला जेवू घालते.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने आईच्या मोबाईलवर एक गाणं पाठवलं, आजी, बघ किती छान जुनं गाणं आहे म्हणून. तेच होतं. खाली अजूनही लिहिलेलं आहे, गीत: पारंपरिक. मी हे लिहिते आहे आणि ती पारंपरिक बाई आत बाजरीचं पीठ मळते आहे, आणि तिने आत्ताच दुसऱ्यांदा हाक मारून विचारलं, तुला दोन टाकू का तीन?